सशाचं वजन

मंगळवार, ३ सप्टेंबर

ताई,

माझा नंबर तू बंद केला आहेस, म्हणून हे कागदावर. आईच्या फोनवरून बोलले असते, पण माझा आवाज ऐकताच तू ठेवून देशील आणि आईचा रविवारचा फोनही बुडेल. पत्र फाडायचं तरी आधी उघडावं लागतं, एवढ्याच आशेवर लिहिते आहे.

तू निघालीस त्या दिवशी दारात मी तुला "पोरीला टाकून जाणारी बाई" म्हणाले. खोटी माफी मागणार नाही. अजून मला तसंच वाटतं. तूही बॅग उचलता उचलता म्हणालीस, "तुझ्या पुस्तकांत लिहिलंय तशी वाढव मग तिला." तेच करते आहे.

पिटू बोलत नाही. "जरा गप्प गप्प असते" असं आईनं तुला सांगितलं असेल. जरा नाही. सहा आठवडे झाले, घरात की शाळेत, एक शब्द नाही. मान हलवते, बोट दाखवते. आईचं शिलाईचं मशीन किती मोठ्यानं वाजतं हे मला आत्ता कळलं. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. सहामाहीपर्यंत बोलली नाही तर तिला या वर्गात ठेवता येणार नाही, वेगळ्या शाळेचं बघावं लागेल, असं म्हणाल्या. तसं झालं तर तू ज्यांची शुश्रूषा करायला परदेशी गेलीस त्या आजारी बाईंना तिकडेच सोडून, दोन वर्षांचा करार मोडून यावं लागेल. मला ते होऊ द्यायचं नाही. मी सांभाळीन म्हटलं आहे, सांभाळीन.

"तिला जपायला काहीतरी द्या," असंही बाई म्हणाल्या. कुत्रं घरमालकाला चालत नाही. मांजर आईच्या कापडांच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसेल. म्हणून ससा. मी दोन पुस्तकं वाचली, चार पानं टिपणं काढली. आई म्हणाली, "सशासाठी एवढा अभ्यास? तुझ्या पदवीला केला होतास का गं?"

रविवारी गावाबाहेर एका काकांकडे गेलो, ते ससे पाळतात. निवडायचे नियम पाठच होते : डोळे स्वच्छ, नाक कोरडं, कान आतून गुलाबी, आणि आपण हात पुढे केला की वास घ्यायला येणारा ससा निवडावा, कोपऱ्यात बसणारा नाही. पांढरा-तपकिरी एक ससा अगदी नियमाप्रमाणे माझ्या बोटाशी आला. मी वळून बघते तर पिटू शेवटच्या पिंजऱ्यापाशी. आत एक राखाडी ससा कोपऱ्याकडे तोंड करून बसलेला, एक कान पडका. तिनं जाळीला बोट लावलं आणि म्हणाली, "हा."

ताई, "हा." सहा आठवड्यांनी.

मग कसले नियम? आणला. जरा अशक्त आहे, बाकी ठणठणीत. तू बोलून पाठवतेस ते निरोप आईच्या फोनवर येतात, मिळतात, त्याची काळजी करू नकोस.

तुझी
(तू म्हणायचीस तीच) पंडिता


गुरुवार, १९ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. टपालाला दहा-बारा दिवस लागतात, असं मी स्वतःला सांगते.

"हा" नंतर पिटू पुन्हा गप्प झाली. पण आता तिला काम आहे. शाळेतून आली की दप्तर न ठेवताच सशाकडे जाते. गवत तीच घालते, पाणी तीच बदलते, कागदाचे तुकडे घातलेली त्याची खोक्यातली जागा तीच साफ करते. मी टेबलाखालच्या सगळ्या वायरी नळीतून घेतल्या, कारण ससा वायर कुरतडतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात म्हणून जुनं कांबळं अंथरलं. आई मशीनवरून बघत होती. "माझ्या पायाखाली तीस वर्षांत कुणी चिंधी अंथरली नाही," म्हणाली, "आणि ह्याला गालिचा. जावईच आलाय घरी!" तेव्हापासून त्याचं नाव जावई. "जावयांचं पोट साफ आहे का?" "जावयांनी आज पानं टाकली वाटतं!" पिटूला हसू येतं, पण ती ते ओठांतच धरते. मला दिसतं.

मी रोज संध्याकाळी त्याचं वजन करते. वेताच्या टोपलीला आईनं आतून जाड अस्तर शिवून दिलंय, म्हणजे तो बिचकत नाही. टोपलीचं वजन ठरलेलं आहे, ते वजा करायचं. टोपली काट्यावर पिटूच ठेवते. मला सशाला हात लावू देत नाही, आणि उगाच उचलू नये असं पुस्तकातही आहे. मी आकडा वाचते आणि लिहिते. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर हेच तर करते मी! पहिल्या दिवशी एक हजार सहाशे चाळीस ग्रॅम. काल एक हजार सहाशे अडतीस. आलेख काढला आहे, पट्टीनं ओढल्यासारखा. इतकं समाधान मला पदवीच्या निकालानंसुद्धा दिलं नव्हतं.

आईची मात्र चिडचिड चालू आहे. बँडवाल्यांच्या कोटांना लावायची पितळी बटणं दुकानातून कमी येतात, दर आठवड्याला कमी. दुकानदाराशी तिचं कडाक्याचं भांडण झालं.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. त्या काकांनी सशाचा ओठ उचलून दाखवला होता. त्याचे दात जुळत नाहीत, खालचे वरच्यांच्या पुढे येतात. सशाचे दात जन्मभर वाढतात; घासले गेले नाहीत तर वाढून वाकतात आणि मग त्याला खाता येत नाही. काका म्हणाले, "बाई, हा मी लहान मुलाच्या घरी देत नाही. दुसरा घ्या." मी म्हणाले, "वजनावर रोज लक्ष ठेवीन. कमी झालं तर परत आणून देईन." पिटू शेजारीच उभी होती.

पण वजन ठीक आहे. म्हणजे दातही ठीक असणार.

तुझी धाकटी


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

ताई,

काल दुपारी मी तो आलेख आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडमना दाखवला. कौतुक व्हावं म्हणून, दुसरं काही नाही. त्या अठ्ठावीस वर्षं नोंदवह्या तपासत आल्या आहेत. त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला आणि हसल्या.

"कुणी भरलेत हे आकडे?"

"मी स्वतः. रोज."

"अगं, जिवंत प्राणी आहे ना हा? खातो, मुततो, एक दिवस पोट बिघडतं. महिनाभर असा एका रेषेत फक्त दगड राहतो. पंप चालवणारे लोक घरी बसून नोंदी लिहितात ना, त्या अश्शा दिसतात." आणि कागद परत देताना म्हणाल्या, "तू लबाड नाहीस, मला माहीत आहे. मग घरातलं दुसरं कुणीतरी आहे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. 

पिटू शाळेतून यायची होती. मी टोपली उचलली. रिकामी टोपली जड लागली. अस्तराची एका बाजूची शिवण उसवून पुन्हा घातली होती, मोठे मोठे वेडेवाकडे टाके. कात्रीनं उघडलं तर आत पितळी बटणं, कापसासारखी दाबून बसवलेली. आई मशीन थांबवून आली, बघितलं, आणि तिथंच फरशीवर बसली. "त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी नाही नाही ते बोलले गं," एवढंच म्हणाली.

मग मी सशाला उचललं. वरून फुगलेले केस, आणि हाताखाली नुसत्या फासळ्या. हनुवटी ओली. एक हजार एकशे सत्तर ग्रॅम.

पिटू दारातून आत आली तेव्हा ती बटणं कांबळ्यावर पसरलेली होती. तिनं ती बघितली, मला बघितलं, आणि दप्तर छातीशी घट्ट धरलं. मी दप्तर ओढून घेतलं. ओढायला नको होतं. आतून गवताच्या उरलेल्या काड्या सांडल्या. न खाल्लेलं सगळं गवत ती रोज शाळेत नेऊन टाकत होती. मी घरी येण्याआधी ती स्वतः त्याचं वजन करायची आणि काटा कालच्या आकड्यावर येईपर्यंत एकेक बटण आत सरकवायची. सात वर्षांची पोर. मला हिशेब शिकवणाऱ्यांनाही हे सुचलं नसतं.

जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे पळालो. त्या स्पष्ट बोलणाऱ्या आहेत. "ससा दुखणं दाखवत नाही. तुम्हाला आत्ता कळलं म्हणजे खूप आधी सुरू झालंय." खालचे दात वाढून वरच्या ओठात रुतलेत. भूल देऊन ते काढावे लागतील, पण एवढ्या अशक्त जिवाला आज भूल दिली तर तो उठणार नाही. सोमवारपर्यंत दर दोन तासांनी सुईशिवायच्या पिचकारीनं पातळ खाऊ घालायचं. मग बघू. "आणि तेव्हाही उठेलच असं मी लिहून देत नाही."

मी हळूच म्हणाले, "हे मुलीसमोर नको. तिला सांगू, तो गावाला गेला."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत लहान झाले. "खोटं सांगायचं असेल तर दुसरा डॉक्टर शोधा," म्हणाल्या, आणि वाकून थेट पिटूला विचारलं, "तो मरू शकतो. कळलं का तुला?"

आणि पिटू बोलली. एकच वाक्य. काय बोलली ते आज लिहवत नाही.

दोन तास होत आले. पिचकारी भरायची आहे.


सोमवार, ७ ऑक्टोबर. दवाखान्याच्या बाकावरून

ताई,

जावई आत आहे. दार बंद होऊन वीस मिनिटं झाली. पिटू माझ्या शेजारी नाही, समोरच्या बाकावर आईजवळ बसली आहे. चार दिवस ती आईशी बोलते, डॉक्टरबाईंशी बोलते, सशाशी तर अखंड बोलते ("अजून एकच घास, मग झोप हं, शहाणा माझा"). माझ्याशी बोलत नाही. माझ्याकडून पिचकारी घेते, तेही माझ्या हाताला हात न लावता.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा ती त्यांना नाही, मला म्हणाली, "आई मेली तेव्हा पण तू सांगितलं नाहीस."

आता सगळं लिहिते. फाडणार असशील तर इथपर्यंत वाचून फाडू नकोस.

तू गेल्यावर पहिला आठवडा तुझे निरोप रोज यायचे. आई म्हणायची, "मला ते लावता येत नाही बाई, तू लाव." मी लावायची. पिटू ऐकायची, फोन गालाला धरून रडायची, रडता रडता ओकायची. सात दिवस हेच. मग मी कुठंतरी वाचलं की मुलाला नव्या घडीची सवय व्हायची असेल तर मध्ये मध्ये जुनी जखम उघडू नये. आठव्या दिवशी मी निरोप लावला नाही. ती रडली नाही, ओकली नाही. मला वाटलं, जमलं! तिचं बोलणंही त्याच आठवड्यात थांबलं, हे मी एकमेकांशेजारी ठेवून बघितलंच नाही. रडणं बंद, एवढं मात्र वहीत लिहिलं.

आईला सांगितलं, काही दिवस पोरीसमोर ताईचं नाव काढायचं नाही. "का गं?" म्हणाली. मी म्हटलं, "असतं तसं, तज्ज्ञ सांगतात." आई गप्प बसली. या घरात मी काही म्हटलं की सगळे गप्प बसतात. शिकलेली आहे ना मी. रविवारी तुझा फोन यायच्या वेळी मी पिटूला बागेत न्यायची. तुझे चौतीस निरोप स्वयंपाकघरात उभी राहून मी एकटीनं ऐकले. "पिटू, आज इथं एक पक्षी आला होता." "पिटू, तुझा दात पडला का गं?" "पिटू, एकदा तरी काहीतरी बोल ना राणी." आणि तुला मी आईकडून कळवत राहिले की ती ऐकते, फक्त बोलत नाही.

मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, घरातलं दुसरं कुणीतरी. दुसरं कशाला? आकडे मीही भरत होते.

गुरुवारी याच बाकावर मी तुझा शेवटचा निरोप तिला लावून दिला. तिनं फोन कानाशी इतका दाबला की कान लाल झाला. मग विचारलं, "कधीचं आहे हे?" मी म्हणाले, "परवाचं." तिनं माझ्याकडे बघितलं, ताई. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

आता काल रविवारचं. तू फोन केलास, आईनं तिला दिला. तू हुंदके देत होतीस, मला खोलीच्या दारातूनही ऐकू येत होतं. तू विचारलंस, "माझे निरोप मिळत होते ना गं पिटू?" तिनं माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "हो. रोज."

ते खरं नव्हतं. ती मला वाचवत होती. तिला वाटतं, ज्याच्यात खोट निघेल त्याला परत देऊन टाकतात. सशाबद्दल हे मीच तिच्यासमोर बोलले होते. माझ्याशी ती बोलत नाही, पण मला घालवून द्यावं असंही तिला वाटत नाही. तुला काही कळलं नसतं. मी हे पत्र लिहिलं नसतं तर पुढेही कळलं नसतं. पण सात वर्षांच्या मुलीनं माझ्यासाठी हे जन्मभर धरून ठेवायचं? नाही. तेवढी नीच मी नाही.

मला काय हवं होतं तेही सांगते. मला हवं होतं की तिचा पहिला शब्द माझ्याशी असावा. तू दहावीनंतर इस्त्रीच्या कारखान्यात वाफेत उभी राहिलीस म्हणून मी खुर्चीत बसून शिकले, आणि त्या शिक्षणानं मी तुझ्यापेक्षा बरी आई ठरते हे मला तुला दाखवायचं होतं. दारातले ते शब्द मी आज परत घेते. तू ते परत घेऊ द्यावेस असं म्हणत नाही.

दार उघडलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या आहेत, पण तोंडावर अजून पट्टी आहे, काही कळत नाही. पिटू उठली.


गुरुवार, १० ऑक्टोबर

ताई,

आधीचं पत्र त्याच दिवशी पेटीत टाकलं. वाटेत विचार बदलायला नको म्हणून दवाखान्यातून थेट गेले.

जावई उठला. पुढचे दात काढले. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, उठणं म्हणजे काही नाही, स्वतःहून खायला लागला तर वाचला म्हणायचं. सोमवार गेला, मंगळवार गेला. काल दिवसभर आम्ही पिचकारीनंच भरवत होतो. दात नाहीत म्हणून पिटू पानांच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या कापायची आणि त्याच्या ओठांशी धरून बसायची. आईनं बँडवाल्यांचं काम बाजूला ठेवलं. त्याआधी दुकानात जाऊन दुकानदाराची माफी मागून आली. म्हणाली, "तोही म्हणाला, पोरगी हुशार आहे, कामाला पाठवा."

आज सकाळी सव्वादहाला त्यानं एक पट्टी ओढली. तोंडात धरून नुसता बसला.  मग जबडा हलला. आई म्हणाली, "जेवले गं बाई जावई!" आणि पदरात तोंड लपवलं. दुपारपर्यंत अकरा पट्ट्या झाल्या.

तेव्हा पिटू उठली आणि आईचा फोन घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"आईला निरोप पाठवायचा कसा?"

मी दाखवलं. हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की गेलं. लांब बोलायचं असेल तर असं वर सरकवायचं. ती एकदा करून शिकली.

"आता तू बाहेर जा," म्हणाली. "तू ऐकायचं नाही."

मी खोलीबाहेर गेले. तेवढंही पुरेसं वाटलं नाही, म्हणून जिन्यात जाऊन उभी राहिले. दारातून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच हसली.  मग पुन्हा आवाज, भराभर, तक्रार केल्यासारखा. माझंच नाव असेल. असू दे.

नंतर फोनवर बघितलं तेव्हा एवढंच दिसलं : चार मिनिटं बारा सेकंद. गेला होता. तो अजून तिथं आहे, दाबला की ऐकू येईल. आई दोनदा म्हणाली, "काय बोलली गं? लाव ना." मी लावला नाही. तिला म्हटलं, तो आपला नाही.

तू परत यायचं की नाही, तिला घेऊन जायचं की इथं ठेवायचं, माझ्याजवळ ठेवायचं की नाही, हे तू ठरव. मी सांगणार नाही, पुस्तकातलं तर नाहीच.

मला उत्तर लिहू नकोस. तिला पाठव. फोन आता तिच्या उशाशी असतो.